स्लो कुकरमधलं हरणाचं मटण : एकदा वातड, एकदा नुसते दोरे

मिशिगनमध्ये १५ नोव्हेंबरला बंदुकीच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत ऑफिसातला नाहीतर शेजारचा कोणीतरी पांढऱ्या कागदात गुंडाळलेली गोठलेली पाकिटं आणून हातात ठेवतो. शिकार करून आणलेल्या रानटी हरणाचं मांस अमेरिकेत सहसा विकता येत नाही, म्हणून ते असं भेटीदाखलच घरात येतं. पाकिटावर शिक्का असतो : ‘स्टेक’. देणारा सांगतो, स्लो कुकरमध्ये, म्हणजे तासन्‌तास मंद शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात टाका, लो वर ठेवा आणि कामाला जा. आपण तसं करतो. संध्याकाळी कधी चावून जबडा दुखतो, कधी तुकडे इतके सुटतात की ताटात सुतळीचा गुंता दिसतो आणि घास घशाखाली उतरत नाही.

या दोन तक्रारी एक नाहीत, आणि त्यांचे उपाय तर एकमेकांच्या उलटे आहेत. पहिल्या वेळी वातड झालं म्हणून पुढच्या वेळी दोन तास वाढवायचे, मग कोरडं झालं म्हणून परत दोन तास कमी करायचे, असं घड्याळाशी खेळत बसलं की हा प्रश्न दर हिवाळ्यात परत येतो. आधी नेमकं काय बिघडलंय ते ओळखायचं.

त्यासाठी काटा पुरतो. तुकड्यात काटा उभा खुपसा आणि जागच्या जागी थोडा पिळा. काटा आत जायला कुरकुरतोय, मांस रबरासारखं दबून परत वर येतंय, म्हणजे ते अजून शिजलेलं नाही. मग भले घड्याळात सहा तास झालेले असोत. झाकण लावा, लो वर आणखी दीड-दोन तास द्या. काटा लोण्यात गेल्यासारखा जातो, तुकडा लांब दोऱ्यांत सुटतो, पण तोंडात कापसासारखा कोरडा लागतो, तर वेळ जास्त झाली आहे किंवा तो तुकडा स्लो कुकरचा नव्हताच. त्याला आणखी शिजवून काही मिळणार नाही. तिसरा प्रकार असा की मांस छान मऊ आहे, पण प्रत्येक घासात एक पट्टी चावली जात नाही आणि शेवटी ती ताटाच्या कडेला काढून ठेवावी लागते. तो पांढऱ्या पडद्याचा प्रश्न. चौथा खास आपल्या घरांतला : बाहेरून पिठासारखा लगदा आणि आत घट्ट गाभा. त्याचं मूळ बहुतेक वेळा कच्च्या पपईत असतं.

पहिल्या दोघांचं कारण एकदा समजलं की बाकीचं सोपं आहे. मांसातल्या तंतूंभोवती कोलॅजनचं आवरण असतं. तापमान ६० ते ६५ सेल्सिअसला पोचलं की हे आवरण आक्रसतं आणि आतला रस पिळून बाहेर काढतं. सत्तरच्या पुढे तेच कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन होऊ लागतं, पण त्याला तास लागतात. म्हणजे मधल्या काळात, तीन-चार तासांच्या सुमाराला, रस निघून गेलेला असतो आणि जिलेटिन अजून झालेलं नसतं. मांसाची सगळ्यात वाईट अवस्था ती. आणि नेमकं तेव्हाच लोक झाकण उघडतात, एक तुकडा चाखतात, ‘बिघडलं’ म्हणतात आणि गॅसवर काहीतरी दुसरं चढवतात. त्या वेळी काही करू नका. उघडूही नका. वाफ गेली की भांडं परत तापायला वेळ घेतं. कुकरबरोबर येणाऱ्या पुस्तिकांत एका उघडण्यामागे पंधरा-वीस मिनिटं धरलेली असतात.

बोकडाच्या मटणात मधली ही अवस्था फारशी जाणवत नाही, कारण तिथे चरबी साथ देते. हरणाच्या मांसात ती जवळजवळ नसते. शंभर ग्रॅममध्ये दोन-तीन ग्रॅम, बस. त्यामुळे कोलॅजन विरघळून जिलेटिन झालं तर मांस ओलसर लागतं, आणि मुळात कोलॅजनच नसेल तर उरतात नुसते सुके तंतू. स्लो कुकर काही मांस मऊ करत नाही. तो कोलॅजन विरघळवतो. जिथे ते नाही, तिथे तो फक्त वाळवतो, तेही पाण्यात बुडवून.

म्हणून खरा प्रश्न पाकिटात काय आहे हा.

‘स्टेक’ या एका शिक्क्याखाली कापणारे लोक निदान तीन वेगळ्या गोष्टी देतात. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी जाणारी लांब पट्टी, जिला इथे बॅकस्ट्रॅप म्हणतात, तिचे गोल काप असतील तर ते स्लो कुकरमध्ये अजिबात घालू नका. हा भाग जनावर चालताना फारसा वापरत नाही, त्यात कोलॅजन कमी. तापलेल्या तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी परतून पाच-सहा मिनिटांत हे संपतं. आठ तास शिजवलं तर अख्ख्या हरणातला सगळ्यात चांगला भाग तुम्ही सुतळी करून खाल. कण्याच्या आतल्या बाजूला चिकटलेल्या छोट्या टेंडरलॉइनचंही तेच. ओळखायचं कसं? काप गोल किंवा लंबगोल, तळव्याएवढे लहान, एकसंध, आणि रेषा सगळ्या एकाच दिशेला.

मागच्या मांडीचे काप मोठे असतात. एकाच कापात दोन-तीन स्नायू दिसतात, त्यांच्यामध्ये पांढरट रेघा, कधी मधोमध हाडाची गोल चकती. पाकिटात बहुधा हेच निघतं, आणि स्लो कुकरची शिफारस यांच्यासाठीच असते. तरुण मादी असेल तर लो वर पाच-सहा तासांत काटा जातो, जुना नर असेल तर सात-आठ लागतात. वय पाकिटावर कोणी लिहीत नाही. देणाऱ्याला विचारा. शिकारी माणसाला हा प्रश्न आवडतो, तो तुम्हाला शिंगांचे फोटोही दाखवेल.

तिसरं म्हणजे यंत्रातून टोचून काढलेले क्यूब्ड स्टेक, वर चौकोनी नक्षी उमटलेले. त्यांचे तंतू आधीच तुटलेले असतात, म्हणून ते लवकर होतात आणि लवकर बिघडतात. चार-पाच तासांनी काटा लावून बघा. सकाळी लावून संध्याकाळी घरी येणाऱ्यांसाठी हे पाकीट नाही.

आणि खरं सांगायचं तर स्लो कुकरसाठी स्टेक मागूच नये. खांदा, मान आणि नळी हे तीन भाग मागावेत. शिकारी लोक यांचा खिमा करून टाकतात, कारण त्यांना ते किचकट वाटतात. आपल्याला मानेचं आणि नळीचं मटण कळतं. लो वर आठ ते दहा तास, आणि त्यातून जो दाट, बोटांना चिकटणारा रस्सा निघतो तो मांडीच्या कापांतून कितीही केलं तरी निघत नाही. मात्र मान आणि हाडं घेताना त्या भागात हरणांचा सीडब्ल्यूडी नावाचा रोग आहे का ते पाहावं लागतं. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

टेक्सास किंवा हवाईमधून आलेल्या पाकिटावर ‘अ‍ॅक्सिस’ लिहिलेलं असेल तर तो आपला चितळ. हवाईतल्या मोलोकाई बेटावर तो १८६०च्या दशकात पोचला, टेक्सासमध्ये १९३२ साली, आणि आता दोन्हीकडे डोईजड होण्याइतका वाढला आहे. त्याचं मांस सौम्य असतं, उग्र वास जवळपास नाहीच. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला हात लावता येत नाही, तेव्हा हे सगळं लिखाण परदेशातल्या स्वयंपाकघरांपुरतंच समजा. दुकानातून विकत आणलेलं हरणाचं मांस बरेचदा न्यूझीलंडच्या पाळीव रेड डिअरचं असतं. ती जनावरं कमी वयाची असतात, म्हणून वेळ सरळ एक-दीड तासानं कमी धरा.

आता पांढरा पडदा. मांसावर चंदेरी, चकचकीत पापुद्रा असतो. त्यात इलॅस्टिन बरंच असतं, आणि ते कोलॅजनसारखं विरघळत नाही. दहा तास ठेवा नाहीतर वीस. उलट आक्रसून तो तुकड्याची वाटी करतो. पातळ, धारदार सुरीचं टोक त्याच्या खाली घालायचं, पाती किंचित वरच्या दिशेला ठेवायची आणि पडदा एका हातानं ताणत सुरी पुढे सरकवायची. माशाची कातडी काढता येणाऱ्याला हे पाच मिनिटांत जमतं. मांस अर्धवट गोठलेलं असताना आणखी सोपं. दोन स्नायूंच्या मधल्या पातळ पांढऱ्या रेघा मात्र राहू द्या, त्या बहुतांश कोलॅजनच्या असतात आणि आपल्याला हव्याच आहेत.

पडदा काढतानाच बाहेरची पांढरी चरबीही काढून टाका, सगळी. बोकडाच्या चरबीवर प्रेम असणाऱ्यांना हे जड जातं, पण हरणाची चरबी मेणासारखी असते. ताट जरा निवलं की ती ओठांना आणि टाळूला चिकटून बसते, आणि ज्या उग्र वासाची लोक तक्रार करतात तो बराचसा तिच्यातूनच येतो. करवतीनं हाडासकट कापलेल्या तुकड्यांवर हाडाचा भुगा आणि मगज माखलेला असतो, त्यानंही वास येतो. तो धुऊन, पुसून घ्या. त्यानंतरही वास वाटला तर रात्रभर मीठ घातलेल्या थंड पाण्यात किंवा ताकात फ्रिजमध्ये ठेवा. इथले लोक दूध वापरतात. कशानंही मांस मऊ होत नाही, रक्त निघतं आणि वास कमी होतो, एवढंच.

काढलेल्या चरबीच्या जागी दुसरी चरबी घालावी लागते. इथली घरं बेकन घालतात किंवा मश्रूम सूपचा डबा आणि कोरड्या ओनियन सूपचं पाकीट ओततात. नाकं मुरडू नका. त्या डब्यात स्निग्धांश असतो आणि तेच काम तो करतो. फक्त त्या दोन्हींत मीठ भरपूर असतं, वरून घालू नका. आपल्या पद्धतीत याहून सरस उपाय आहे : एक-दोन बोकडाच्या नळ्या किंवा एखादा पाया त्याच भांड्यात टाका. देशी दुकानात मिळतात. पायातलं जिलेटिन रस्सा बांधतं, नळीतला मगज स्निग्धपणा देतो, आणि हरणाच्या कोरड्या मांडीला दोन्ही गोष्टी उसन्या मिळतात. हा एक बदल केला तरी दोऱ्यांची तक्रार अर्ध्याहून कमी होते. वरून चमचाभर तूप.

मसाल्याकडे येऊ, कारण आपली पुष्कळ बिघाडं मांसाची नसून भांड्याची रीत न कळल्यामुळे होतात. स्लो कुकरमध्ये पाणी आटत नाही. मांस स्वतःचं पाणी सोडतं, कांदा सोडतो, टोमॅटो सोडतो, आणि झाकणाला लागलेली वाफ परत खाली येते. पातेल्याच्या हिशेबानं पाणी घातलं तर संध्याकाळी मसाल्याचं पाणी आणि त्यात उकडलेले तुकडे मिळतात. एक किलोला एक कप द्रव पदार्थ पुष्कळ झाला. आणि भांड्यात मसाला परतला जात नाही, कारण तेवढी आच तिथे नसतेच. कच्चं आलं-लसूण, कच्चा कांदा आणि कोरडं तिखट थेट टाकलं तर आठ तासांनीही कच्चटच लागतं. आधी कढईत कांदा लाल करा, आलं-लसूण आणि कांदा-खोबऱ्याचं वाटण तेल सुटेपर्यंत परता, काळा मसाला किंवा मालवणी मसाला त्यात जिरवा, मग भांड्यात उतरवा. दही आणि नारळाचं दूध सुरुवातीला घातलं तर फाटतं. ते शेवटच्या अर्ध्या तासात. टोमॅटोपेक्षा दोन-तीन आमसुलं बरी. खूप आंबट रसात मांसाचा बाहेरचा थर खडूसारखा होतो, म्हणून व्हिनेगरमध्ये दोन दिवस मुरवण्याच्या पाककृतींपासून लांब राहा.

पपईचं एवढंच : कच्च्या पपईतलं पेपेन, म्हणजे मांस मऊ करणारा तिच्यातला घटक, कोमट भांड्यात भलतंच जोरात काम करतं, ६०-७० अंशांच्या आसपास तर सर्वाधिक. तव्यावर किंवा निखाऱ्यावर मांस तो टप्पा काही मिनिटांत ओलांडतं. स्लो कुकर तिथे रेंगाळतो. म्हणून कबाबाला शोभणारी पपई इथे बाहेरचा लगदा करून ठेवते आणि आतपर्यंत पोचतच नाही. वगळा. आदल्या रात्री वजनाच्या एक टक्का मीठ, म्हणजे किलोला दहा ग्रॅम, सगळीकडे चोळून फ्रिजमध्ये ठेवलं तर त्याचा उपयोग जास्त होतो. मिठामुळे मांस स्वतःचं पाणी थोडं धरून ठेवतं.

सकाळी तुकडे कोरडे पुसून कडक तापलेल्या कढईत दोन्ही बाजूंनी पटकन लाल करून घ्या. यानं रस आत कोंडला जातो असं सांगतात, ते खरं नाही. चव येते, आणि तेवढं कारण पुरेसं आहे. तुकडे शक्य तितके जाड ठेवा. अर्ध्या इंचाच्या कापांपेक्षा दीड-दोन इंचाचा ठोकळा कधीही चांगला. मांडीचा अख्खा स्नायू मिळाला तर अख्खाच ठेवा आणि वाढताना तंतूंच्या आडवे काप करा. उभे कापलेत तर उत्तम शिजलेलं मांसही वातड लागतं. भांडं निम्म्याच्या वर आणि दोन-तृतीयांशाच्या खाली भरलेलं असू द्या. मोठ्या भांड्यात चार तुकडे तळाला पडले की ते लवकर करपतात, सुकतात.

हे सगळं बरोबर करूनही दर वेळी दोरेच सुटत असतील तर भांड्यावर संशय घ्या. लो आणि हाय ही दोन वेगळी तापमानं आहेत असा समज आहे. बहुतेक भांड्यांत दोन्ही शेवटी उकळीच्या जरा खालीच पोचतात, हाय वर लवकर आणि लो वर सावकाश. नवी भांडी बरीच गरम चालतात, काहींत लो वरही बुडबुडे येतात. तपासणी सोपी आहे. भांडं निम्म्याहून थोडं जास्त साध्या पाण्यानं भरा, झाकण लावून लो वर आठ तास ठेवा आणि झाकण काढल्या काढल्या थर्मामीटर बुडवा. १८५ ते २०० फॅरनहाइट (८५ ते ९३ सेल्सिअस) दिसलं तर भांडं ठीक. त्याहून जास्त असेल तर पाककृतीतले आठ तास तुमच्याकडे सहाच आहेत असं समजा. १८५च्या खाली असेल तर ते मांसासाठी वापरूच नका. त्यात मांस नीट शिजत नाही आणि जंतू वाढायला मोकळीक मिळते. विजेच्या प्रेशर कुकरमध्ये असलेल्या ‘स्लो कुक’ बटणाचीही ही परीक्षा घ्या. त्यात आच फक्त तळातून येते, आणि ‘दहा तास झाले तरी वातड’ ही तक्रार त्या बटणावाल्यांकडून बरीच ऐकू येते.

गोठलेलं मांस थेट भांड्यात टाकणं हे सगळ्यात वाईट. ते ४ ते ६० सेल्सिअसच्या धोक्याच्या पट्ट्यात तासन्‌तास राहतं. पाकीट आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये खाली उतरवा. उघडल्यावर कडेला राखाडी, सुके चट्टे दिसले तर ते फ्रीझरनं वाळवलेलं मांस. कापून टाका, ते कशानंही मऊ होत नाही.

आता आज ताटात आलेल्याचं काय करायचं? वातड असेल आणि पाहुणे दारात असतील तर सगळं रस्स्यासकट प्रेशर कुकरमध्ये घाला, पंधरा-वीस मिनिटं, आणि वाफ आपोआप जाऊ द्या. शिट्टी उचलून वाफ काढली तर मांस परत आकसतं. सुटून कोरडं झालेलं असेल तर ते तुकडे म्हणून वाढण्याचा हट्ट सोडा. दोन काट्यांनी बारीक सोडवा, दोरे कात्रीनं आडवे कापून बोटभर लांबीचे करा, रस्सा वेगळा आटवून त्यात चमचाभर तूप घाला आणि भाजलेलं खोबरं, कांदा, मिरपूड घालून सुक्कं परता. भाकरीबरोबर कोणाला पत्ता लागत नाही. ज्याला वेळ आहे त्यानं मांस रस्स्यातच निवू द्यावं, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी मंद आचेवर गरम करावं. थोडा रस परत आत जातो, आणि वर जमलेली मेणचट चरबीची चकती चमच्यानं उचलून टाकता येते.

राहिला सीडब्ल्यूडी. हा हरणांचा मेंदूचा रोग १९६७ साली कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसला, आणि आता अमेरिकेच्या अनेक राज्यांत आहे. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण त्याचे प्रायॉन, म्हणजे रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं, शिजवून मरत नाहीत, दहा तासांत नाही आणि प्रेशर कुकरमध्येही नाही. रोग असलेल्या भागातलं हरीण असेल तर तपासणी झाली का आणि निकाल काय आला, हे देणाऱ्याला सरळ विचारा. राज्याचा वनविभाग ही तपासणी करतो आणि शिकारी लोकांना ती माहीत असते. मान आणि पाठीचा कणा असलेले तुकडे अशा वेळी घेऊ नका, हाड काढलेलं मांसच घ्या. जखमेच्या आसपासचं काळसर, रक्त साखळलेलं मांसही मोठ्या हातानं कापून टाका, कारण शिशाच्या गोळीचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बऱ्याच अंतरापर्यंत पसरलेले असतात. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर गोळी तांब्याची होती का शिशाची हेही विचारून घ्या, आणि शिशाची असेल तर ते पाकीट त्यांच्या पानात वाढू नका.